दोन मिनिटांची वीणा

तात्याबा सहा वर्षांनी धाकट्या भावाच्या दारात आला, तो चपला हातात धरूनच. उंबऱ्याशी काढून ठेवल्या असत्या तर घरात गेल्यासारखं झालं असतं, पायात ठेवल्या असत्या तर बेअदबी झाली असती. म्हणून हा मधला मार्ग. बगलेत स्वतःचं घोंगडं आणि खांद्याला स्वतःच्या पाण्याचा फिरकीचा तांब्या.

"आत या की दादा," कोंडीराम म्हणाला. त्या आठवड्यात त्याची तिसरी पाळी होती, नुकताच झोपेतून उठला होता.

"हितंच बरं हाय. वारं लागतंय." तात्याबाने गॅलरीत घोंगडं अंथरलं आणि बसला. मार्गशीर्षातलं ते वारं अंगावर काटा आणत होतं.

कोंडीरामची मुलगी पद्मा पाणी घेऊन बाहेर आली आणि तात्याबाच्या खांद्यावरचा तांब्या पाहून तशीच परत फिरली. एकोणीस वर्षांची ती पोर टायपिंगच्या क्लासहून आत्ताच आली होती. तेरा वर्षांची होईपर्यंत तीही याच नियमांत वाढली होती. त्यामुळे रागवावं की हसावं, हे तिला अजून ठरवता येत नव्हतं.

चाकणच्या पलीकडच्या वाडीतला निश्चळ पंथ म्हणजे या घराण्याचं तीन पिढ्यांचं दैवत. मूर्ती नाही, गाणं नाही, वाद्य तर ऐकायचंही नाही. पंथाबाहेरच्या घरचं पाणी चालायचं नाही. नियम कुठे लिहिलेले नव्हते. ते सगळे मठातल्या बाबाजींच्या तोंडात असत आणि गुरुवारी गुरुवारी त्यांत भर पडे. कोंडीराम चौसष्ट साली पिंपरीत टर्नर म्हणून लागला, तेव्हा त्याने कंपनीत आठ वर्षं चहा प्यायला नाही. बहात्तर साली एका हिवाळ्यात प्यायला, आणि स्वतःच मठात जाऊन सांगितलं. शिक्षा झाली, नऊ गुरुवार भिंतीकडे तोंड करून बसायचं. आठ गुरुवार तो बसलाही. पण भिंतीकडे इतका वेळ बघत बसल्यावर माणूस विचार करणार नाही तर काय करणार? आठव्या गुरुवारी त्याने उठून विचारलं, "देव समद्यांत हाय म्हणता, तर कँटीनच्या चहात का न्हाई?" बाबाजी म्हणाले, प्रश्न हाच विटाळ. नवव्या गुरुवारी कोंडीराम गेला नाही.

बाबाजींनी त्याला काढलं, तसा मठ सुटला आणि वाडीही सुटली. कोंडीराम दुसऱ्या कुठल्या देवळातही गेला नाही. "एका दाव्यातनं मान काढली ती दुसऱ्यात घालाया न्हाई," म्हणायचा. तरी सकाळी लेथ सुरू करताना हात सवयीने कपाळाकडे जायचा, आणि मग तो घाम पुसल्यासारखं करायचा. देव आहे का? असला तर तो बाबाजींसारखा आहे का? आणि बाबाजींसारखा नसेल तर मग कसा आहे? हे सगळं तो लेथवर उभा राहून मनात घोळवत असे. बायकोपाशी बोलत नसे, कारण कुशाबाई वर्षभरातच कॉलनीच्या भजनी मंडळात गेली होती आणि तिला सगळं पटलं होतं.

"शकूचं लगीन ठरलं," तात्याबा म्हणाला. "येत्या ऐतवारी."

शकू ही तात्याबाची एकुलती मुलगी. तिची आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. कुशाबाईने तिला चौदा वर्षांची होईपर्यंत पद्माच्या बरोबरीने वाढवलं. या सहा वर्षांत तिचं तोंड दिसलं नव्हतं.

"तुला आनायचं म्हणून बाबाजींकडं चार येळा गेलो," तात्याबा म्हणाला. "नऊ गुरुवारांचं एका वाक्यावर आणलंय. परवा गुरुवारी यायचं, समद्यांम्होरं म्हणायचं, माझा प्रश्न खोटा हुता. झालं. मंग चुलता म्हणून मांडवात उभा ऱ्हा. कुशालाबी आण. न्हाईतर बाबाजी म्हणतात, नाव कायमचं पुसायचं. मंग मीबी यायचा न्हाई, शकूबी न्हाई."

"पण आबांचा प्रश्न खोटा नव्हता ना?" पद्मा दारातून म्हणाली.

"पोरी, वाक्य म्हणाया काय जातंय?"

"म्हणजे मठात, देवासमोर, खोटं बोलायचं?"

तात्याबाने तांब्याची फिरकी उघडली आणि घोटभर पाणी प्यायला. काही विचारलं गेलं की तो पाणी पीत असे, लहानपणापासून.

"तू गप बस पद्मा," कोंडीराम म्हणाला. त्याच्या मनात शकू होती. बारशात त्याच्याच मांडीवर होती ती. एक वाक्य तर म्हणायचं, जीभ थोडीच झिजणार होती? "सव्वासहाची गाडी हाय ना तुमची? थांबा. तुमच्या भावजयीला इचारून येतो. मांडवात हाय ती."

"मांडवात?"

"हितं सप्ताह बसलाय." एवढं बोलून तो जिना उतरला. होकार त्याच्या ओठांवर आलेलाच होता. कुशाबाईचं निमित्त होतं, तेवढाच श्वास घ्यायला वेळ.

*

मांडव मैदानात, विजेच्या खांबाला दोऱ्या बांधून घातला होता. बायका एका अंगाला शेवंतीचे हार ओवत होत्या. सप्ताह म्हणजे सात दिवस अखंड नाम, आणि त्यात वीणा गळ्यात घेऊन एकेकाने पहारा करायचा. रंगराव फिटरने पहाऱ्यांचा तक्ता पुठ्ठ्यावर लिहून खांबाला टांगला होता. नाव, कंपनी, पाळी, वीणा घेण्याची वेळ, सोडण्याची वेळ. पहिल्या पाळीचे लोक संध्याकाळी, दुसऱ्या पाळीचे सकाळी, तिसरीवाले दुपारी. पुढे तांबड्या खडूने लिहिलं होतं, 'बदली आल्याशिवाय जागा सोडू नये.' कंपनीतला नियम त्याने जसाच्या तसा उचलला होता, आणि देवाने त्याला हरकत घेतलेली नव्हती.

आज पाचवा दिवस. चारला दत्तोबाची बदली होती. तो अजून आला नव्हता. दुपारचा माणूस कमी पडला म्हणून रंगराव स्वतः उभा होता; त्याची दुसरी पाळी त्या दिवशी साडेचारची केलेली, आणि तिची बस कोपऱ्यावर उभी राहून हॉर्न वाजवत होती. वीणा गळ्यात घालून रंगराव एका पायावर नाचायचा बाकी राहिला होता.

तेवढ्यात समोरून कोंडीराम आला. चपला बाहेर काढून, बायकोला शोधत.

"कोंडीराम, जरा धरा."

आता कारखान्यात चौदा वर्षं काढलेल्या माणसाला कुणी 'जरा धरा' म्हटलं की डोक्याच्या आधी हात पुढे होतात. नाहीतर जड वस्तू कुणाच्या तरी पायावर पडते. कोंडीरामचेही झाले. रंगरावाने पट्टा त्याच्या गळ्यात घातला, "दोन मिनिटं. दत्तोबा आलाच," म्हणाला, खाली वाकला आणि पळाला. तो डबा उचलायला वाकला असं कोंडीरामला वाटलं. डबा तर रंगरावाच्या खांद्याला लटकत होता.

हार ओवणाऱ्या कुशाबाईने मान वर केली तर नवरा वीणा घेऊन उभा. सुई तिच्या बोटात गेली. सहा वर्षं ज्याला ती मांडवाच्या दोरीपर्यंत आणू शकली नव्हती, तो मधोमध उभा होता, आणि तोंड असं, जसं कुणी भलत्याच्या लेकराला धरायला दिलंय. तिच्या पोटातून हसू आलं, ते तिने पदरात दाबलं.

कोंडीराम इकडेतिकडे बघून वीणा खांबाला टेकवायला निघाला.

"अवं, ठिवू नका," शेजारची छबूबाई ओरडली. "वाजवत ऱ्हा. बोट फिरवा."

"का?"

"सात दिस भुईला लावायची नसती."

"लावली तर काय होतं?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. असं कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"लावली तर सप्ताह मोडतो की," छबूबाई म्हणाली.

"मोडतो म्हंजी? शिक्षा कोण करतं?"

"शिक्षा कशाला कोन करंल? पुन्यांदा पयल्यापास्नं बसवायचा. तिसऱ्या वर्सी अशीच पडली हुती. मानसं लई हसली, मंग पुन्यांदा बसवला. आठवडाभर घरी सैपाक न्हाई, आमाला बरंच झालं."

"आणि हे ठरवलं कोणी?"

"आमीच," छबूबाई म्हणाली. तिला एवढं काय विचारताहेत ते कळेना.

कोंडीरामचं बोट तारेवरून फिरलं. न मोडण्याची काळजी आहे आणि मोडल्याची शिक्षा नाही, असा नियम त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर त्याने वाद घातला असता. पण दोन्ही हात गुंतलेले असले की माणूस वाद कमी घालतो.

कुशाबाई जवळ आली. त्याने हलक्या आवाजात सगळं सांगितलं. शकू, रविवार, गुरुवार, वाक्य. शकूचं नाव निघालं तशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हना की मग," ती म्हणाली. "एक वाक्य. माजी पोर बोहल्यावर उभी ऱ्हानार आनि म्या हितं हार ओवत बसू? म्हना."

"म्हणणारच हुतो. तुला इचाराया आलो."

"इचारलं ना? जावा, सांगा भावजींना."

"कसा जाऊ?" कोंडीराम म्हणाला. "ही कुणाच्या गळ्यात घालू?"

मांडवात त्या वेळी बायकाच होत्या, आणि त्या कॉलनीत तेव्हा वीणा पुरुषच धरीत. छबूबाईने तक्ता वाचायला चष्मा शोधला. दत्तोबाच्या नावापुढे कंपनीच्या पाळीची वेळ बरोबर होती. दत्तोबा तेवढा नव्हता.

*

साडेचार होत आले, भाऊ खाली गेला तो गेलाच. तात्याबाने घोंगडं गुंडाळलं आणि पद्माला म्हणाला, "चल, दाव कुठं हाय मांडव. मी लांब उभा ऱ्हातो."

मांडवाच्या दोरीपाशी तो थांबला आणि आत बघून गोठलाच.

"कोंड्या, गळ्यात काय हाय ते?"

"वीणा हाय, दादा."

"काढ ती."

"काढता येत न्हाई."

"कोण म्हणतं?"

"बाया म्हणतात."

पद्मा तोंडाला ओढणी लावून वळली. तात्याबाला हसू आलं नाही. वाद्याला हात लावलेल्या माणसाला गुरुवारी एक वाक्य पुरणार होतं का? बाबाजींना काय सांगायचं? दिसलं ते सांगायचं, की दिसलंच नाही असं?

"आरं, मी सव्वासहाच्या गाडीला जाणार," तो म्हणाला. "मला उत्तर दे. येतोस का न्हाई?"

"देतो. बदली येऊ द्या. घाईत उत्तर दिलं तर आपलंच बोट कापतं, मशीनवरचा अनुभव हाय माझा."

तोपर्यंत तळेगावहून लोकलने येणारे सोनबा महाराज मैदानात शिरले. खांद्यावर उपरणं, हातात छत्री, मागे पखवाज सांभाळत एक गडी. हे महाराज तळेगावच्या एका शाळेत हस्तकला शिकवत आणि उरलेल्या वेळात कीर्तन करत. मला विचाराल तर त्यांचा आवाज फारसा गोड नव्हता. पण कीर्तन करणाराचा गळा फार गोड असला की माणसं गळाच ऐकतात, आणि सोनबा महाराजांचं मात्र माणसं बोलणं ऐकत, हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

छबूबाईने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "म्हाराज, दत्तोबा आला न्हाई. वीणेवर हे उभे हायती. पन यांचा कशावर इस्वास न्हाई. चालंल का?"

कोंडीरामच्या कानावर ते पडलं. तो म्हणाला, "खरं हाय. मला म्हाइती न्हाई देव हाय का न्हाई. कुणी येस्तोवर मी धरलीया एवढंच. तुमच्या कीर्तनाला अडचण होत असंल तर सांगा."

महाराजांनी छत्री खांबाला टेकवली. "तुमचे हात दुखतायत का?"

"न्हाई."

"मग झालं. वीणा धरायला हात लागतात. विश्वासाचं आपण नंतर बघू, तो काही आजच्या तक्त्यात नाही." आणि इतकं बोलून त्यांनी वाकून कोंडीरामच्या पायांवर डोकं ठेवलं.

कोंडीराम एकदम मागे सरला. "हे काय करताय?"

"वीणेकऱ्याला नमस्कार केल्याशिवाय उभं राहायचं नसतं," महाराज म्हणाले. "आता तुम्ही मला करा. अवघडल्यासारखं वाटत असेल तर राहू द्या. मी काही मोजत नाही."

कोंडीरामने केला. वीणा सांभाळत, वाकडातिकडा, पण केला.

दोरीच्या बाहेर तात्याबा बघत होता. चाळीस वर्षं तो मठात वाकत आला होता. तिथे वाकणं खालून वर जायचं, वरून खाली कधी आलं नव्हतं. आणि इथे महाराज म्हणवणारा माणूस मठातून काढलेल्या त्याच्या भावाच्या पायांशी वाकला होता. त्याने फिरकी उघडली. तांब्यातलं पाणी संपलं होतं.

*

कीर्तन सुरू झालं. नमनाची विठ्ठलनामाची लाट उठली, टाळ खणखणले, पखवाजावर पहिली थाप पडली. तात्याबा खांबापासून लांब जाऊन एका दगडावर बसला. तिथे नेमका भोंगा त्याच्याच दिशेला तोंड करून होता. पद्मा शेजारी बसली.

"तात्या, तुम्हाला ऐकायचं नाही ना? कानांवर हात ठेवा."

"म्हातारा मानूस हाय मी. हात दुखतात."

"मग ऐकताय?"

"भोंग्याला मी काय करू?"

कीर्तनात महाराजांनी मधेच पखवाजवाल्याला थांबवलं. "याच्याकडे बघा," ते म्हणाले. "पखवाजाला दोन तोंडं. उजव्या तोंडाला शाई असते, काळी, पक्की. ती एकदा बसली की वर्षानुवर्षं हलत नाही. डाव्या तोंडाला मात्र भिजवलेली कणीक लावतात. ती रोज ताजी लावायची आणि वाजवून झालं की खरवडून काढायची. शिळी ठेवली तर कातडं कुजतं. लावलीच नाही तर डावं तोंड नुसतं टणटणतं, घुमत नाही. आता बघा माणसाचं. भाव म्हणजे उजवीकडची शाई. शंका म्हणजे डावीकडची कणीक. काही लोक म्हणतात, कणीक नकोच, दोन्हीकडे शाईच लावा. अशा पखवाजावर भजन होत नाही हो, कितीही जोराने बडवा. आणि ज्याच्याकडे नुसती कणीकच आहे, त्याने घाबरू नये. एक तोंड लागलंय. दुसरं लागायचं आहे. तोवर वीणेवर उभं राहावं."

मांडव हसला. कोंडीरामही हसला. उघड हसला, आणि त्याचं बोट तारेवरून चुकून दोनदा फिरलं. त्याला काही देव दिसला नाही. डोळे भरून आले नाहीत. त्याला फक्त एवढं वाटलं की सहा वर्षं आपण एकटे लेथवर उभे राहून जे मनाशी बोलत होतो, ते कुणीतरी मोठ्याने बोललं आणि त्यावर दोनशे माणसं हसली, आणि कुणालाही भिंतीकडे तोंड करावं लागलं नाही. एखादा तुकडा नीट मापात उतरावा तसं ते छातीत बसलं.

कुशाबाई बायकांत बसून त्याच्याकडेच बघत होती. कोंडीराम झोपेत कधी हसायचा, जागेपणी असा हसलेला तिने फार दिवसांत पाहिला नव्हता. गुरुवारी मठात उभा राहून 'माझा प्रश्न खोटा होता' म्हणताना याचं तोंड कसं दिसेल, ते तिच्या डोळ्यांपुढे आलं. शकूचं तोंडही आलं. दोन्ही तोंडं एकदम डोळ्यांत मावेनात, म्हणून तिने डोळे मिटले. याचा प्रश्न खोटा म्हणायचा, तर मग त्या प्रश्नाच्या मागे मागे आपण घर सोडून इथवर आलो ते काय होतं? आणि हा मांडव, हे टाळ, हा छबूबाईच्या मांडीला लागून बसण्याचा आनंद, तोही खोटाच म्हणायचा का?

दगडावर तात्याबाचा पाय हलत होता. पद्माने पाहिलं. तालात होता. ती काही बोलली नाही. बोलली असती तर तो थांबला असता.

*

आरती झाली, बुक्का लावला, प्रसाद वाटला, तेव्हा कुठे दत्तोबा आला. घामेजलेला, हाताला तेल. "सुपरवायझरनं ओव्हरटाइमला धरला. सोडतच नव्हता. शेवटी म्हटलं, देवाची ड्यूटी चुकली तर माझी बायको तुमच्याकडं येईल. मग सोडला." नळावर हातपाय धुऊन तो समोर उभा राहिला. कोंडीराम आता शिकला होता. पट्टा दत्तोबाच्या गळ्यात घालून तो आधी वीणेला, मग दत्तोबाला वाकला. दत्तोबाही त्याच्या पायांशी वाकला. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली आणि मांडव पुन्हा हसला.

"दोन मिनिटं म्हणाला होता रंगराव," कोंडीराम म्हणाला. "दीड तास झाला."

"त्याची सगळीच कामं तशी. उद्या तिसरी पाळीच ना तुमची? दुपारी दोन ते चार लिहू का?"

"लिहू नका," कोंडीराम म्हणाला. मग थोडं थांबून, "अडलंच तर हाक मारा."

कुशाबाई त्याच्या मागोमाग दोरीपर्यंत आली. तिने त्याची बाही धरली. "म्हनू नका ते वाक्य," ती म्हणाली. "मघाशी म्हना म्हनले, ते माजं चुकलं. शकू मला समजून घील. ती माज्या हातची हाय."

कोंडीराम थोरल्या भावासमोर गेला. पंथाच्या नियमाने काढलेल्याने आतल्याला शिवायचं नसतं. तो वाकला आणि त्याने तात्याबाचे पाय धरले. तात्याबाचे पाय मागे जायला हवे होते. ते गेले नाहीत.

"दादा, तू माझा थोरला. तुझ्या पाया रोज पडीन," कोंडीराम म्हणाला. "पर गुरुवारी येणार न्हाई. प्रश्न खोटा न्हवता. अजून हाय, रोज ताजा हुतो. खोटा म्हटला तर शकूच्या मांडवात खोटा मानूस उभा ऱ्हाईल. तसल्या चुलत्याच्या अक्षता तिच्या डोक्यावर पडू नयेत."

तात्याबाने घोंगडं एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतलं. मागे कुशाबाईने पदर तोंडात धरला होता.

"म्हंजी मांडवात येणार न्हाईस."

"न्हाई येऊ शकत."

"मांडवात येऊ नकोच," तात्याबा म्हणाला. "मांडव मठाचा हाय. मठाच्या जागेत घातलाय." तो घोंगड्याच्या काठाचा दोरा बोटाला गुंडाळू लागला. नवा विचार करायचा म्हणजे त्याला श्रमच पडत. "पर पाठवणी मांडवात न्हाई व्हत. नवरीला न्यायची गाडी मठाच्या वाटंवर येत न्हाई. ती उभी ऱ्हाती नाशिक रस्त्यावर. पोरीला तितवर चालत न्यायची हाय. आनि नाशिक रस्ता सरकारचा हाय. तिथं कोण उभं ऱ्हावं, हे बाबाजींनी कधी सांगितलेलं न्हाई."

कोंडीराम त्याच्याकडे बघतच राहिला. "हे तू त्यांना इचारलंस?"

"न्हाई," तात्याबा म्हणाला. "इचारणार बी न्हाई. समदंच काय इचारायचं?"

आणि थोरल्या भावाच्या तोंडावर जे हसू आलं, ते कोंडीरामने दोघे पोरं असताना शेवटचं पाहिलं होतं. कुशाबाई रडत रडत हसायला लागली. "भावजी, पोरीची ओटी मीच भरीन हां गाडीपाशी," ती म्हणाली. "हिरवं लुगडं घेऊन ठिवलंय तिच्यासाठी. चार वर्सं झाली."

"भर की. गाडीपाशी भर." मग त्याने तांब्या पद्माच्या हातात दिला. "पोरी, एवढा भरून आण. वाटंत तहान लागंल."

"घरचं पाणी आणू, तात्या?"

तात्याबाने तिच्याकडे बघितलं, मग आभाळाकडे. "मी काय बघाया येतोय का तुझ्या मागं?"

पद्मा पळाली. सव्वासहाची गाडी नाशिक फाट्यावर गाठायची तर आता निघायलाच हवं होतं. तिघं पुढे चालू लागली, पद्मा तांब्या घेऊन वाटेत गाठणार होती. मागे भोंग्यावर दत्तोबाचा घोगरा आवाज नाम घेत होता.

"पाठवणी कितीला?" कोंडीरामने विचारलं.

"पाचला. पर तुमी चारलाच या. उशीर केला तर उभं ऱ्हायाला जागा गावायची न्हाई."

"रस्त्यावर? एवढं कोण येणार हाय तिथं?"

तात्याबाने चपला खाली टाकल्या आणि पायात सरकवल्या. "मठातनं काढलेली अकरा घरं हायती पंचक्रोशीत," तो म्हणाला. "तुला सांगितलं तर त्यांना सांगाया नको व्हय?"